मोटारीचे नाक बदलताना

मोटारीला पेट्रोल लागते हे सर्वांना ठाऊक असते; पण पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा लागते, याची जाणीव वाहनधारकांना क्वचितच असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. घनफळाच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पेट्रोल जाळताना इंजिन नऊ हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढते. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार मुंबईहून पुण्याला पोहोचेपर्यंत, पाण्याचे दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरतील एवढी हवा तिच्या पोटातून जाऊन आलेली असते. ही हवा ज्या वाटेने आत शिरते, ती वाट म्हणजे एअर इनटेक. इंजिनाचे नाकच म्हणा ना.

हे नाक बदलण्याची हौस गेल्या दोन-अडीच दशकांत शहरी तरुणांमध्ये चांगलीच रुजली. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि पुण्यात नाना पेठ हे मोटारीच्या सुट्या भागांचे जुने बाजार. तिथे आणि आता घरबसल्या इंटरनेटवरही चकचकीत नळी, शंकूच्या आकाराचा लाल वा निळा फिल्टर आणि चार क्लिपा असा संच काही हजार रुपयांत मिळतो. तो बसवायला गॅरेजची गरज नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. सोसायटीच्या वाहनतळावर रविवारच्या सकाळी दोन-तीन तासांत, घरातल्या हत्यारांवर हे काम होऊ शकते.

अडचण वेगळीच आहे. ब्रेकच्या कामात चूक झाली, तर ती पहिल्याच वळणावर कळते. इनटेकच्या कामातली चूक अशी लगेच बोलत नाही. एखादा सांधा केसभर उघडा राहिला, तरी मोटार सुरू होते, धावते, उलट आधीपेक्षा दमदार वाटते. त्या फटीतून आत जाणारी धूळ मात्र सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर इंजिन ऑइल खाऊ लागते, निळसर धूर दिसू लागतो, तेव्हा त्या रविवारच्या सकाळची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

<b>कारखान्याने दिलेली वाट</b>

बदल करण्यापूर्वी मूळ रचना समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेक पेट्रोल मोटारींत हवेचे तोंड पुढच्या जाळीमागे किंवा बॉनेटच्या कडेखाली, शक्य तितके उंच ठेवलेले असते. तिथून प्लास्टिकची नळी फिल्टरच्या डब्यात शिरते. डब्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो आणि त्याच्या पलीकडे रबरी नळी थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते. ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी झडप असते ती इथे. याच वाटेवर हवेचे तापमान मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. काही मोटारींत 'मास एअर फ्लो' हा, आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा नाजूक सेन्सरही असतो. अनेक लहान मोटारींत तो नसतो. तिथे इंजिनाचा संगणक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. आपल्या मोटारीत यांपैकी कोणती पद्धत आहे, हे संच विकत घेण्यापूर्वीच पाहायला हवे. त्याचे कारण पुढे येईल. इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढून घेणारी एक बारीक नळीही या वाटेला मिळालेली असते. तिला गॅरेजमध्ये ब्रीदर म्हणतात.

या नळीच्या अंगाला बऱ्याचदा एक फुगीर, बंद आणि वरवर पाहता निरुपयोगी डबा चिकटलेला दिसतो. नवशिक्या हौशी माणसाचा पहिला घाव याच डब्यावर पडतो. तो असतो रेझोनेटर. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ध्वनीच्या ज्या तत्त्वाचा अभ्यास केला, त्याच तत्त्वावर हा डबा हवा आत ओढताना होणारा घुमारा शोषून घेतो. तो काढला की इंजिन खर्जात गुरगुरू लागते. नवा इनटेक बसवल्यावर 'ताकद वाढली' असे जे वाटते, त्यातला मोठा वाटा या गुरगुरण्याचा असतो.

कागदी फिल्टरही दिसतो तेवढा साधा नाही. इंजिनाचे सर्वांत जास्त नुकसान करते ती डोळ्यांना दिसणारी माती नव्हे, तर ५ ते २० मायक्रॉन आकाराची बारीक धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून तिची कल्पना यावी. फिल्टरची परीक्षा घेण्यासाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि त्या परीक्षेत वापरण्याच्या धुळीचे मूळ अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी मातीत आहे. गंमत अशी, की कागदी फिल्टर थोडा मळला की अधिक चांगले काम करतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवू लागते. तो प्रत्येक सर्व्हिसिंगला हवेच्या जोरदार फवाऱ्याने झटकण्याची आपल्याकडची पद्धत त्यामुळे दुहेरी नुकसानीची आहे. कागद विरतो आणि घड्यांना दिसू न शकणारी छिद्रे पडतात. याहून जुनी पद्धत होती ती ऑइल बाथची. जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर यांच्या फिल्टरच्या तळाशी तेल असे आणि धूळ त्यात बुडून बसे.

<b>थंड हवेचे गणित</b>

थंड हवा घन असते, म्हणजे तेवढ्याच जागेत तिच्यात प्राणवायू अधिक मावतो. इनटेक बदलण्यामागचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना बॉनेटखाली, वाहतुकीच्या कोंडीत उभ्या मोटारीत ते सहज ६५ अंशांवर जाते. या दोन तापमानांच्या हवेच्या घनतेत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. कारखान्याचा डबा बाहेरची हवा घेतो. बाजारातल्या स्वस्त संचातला उघडा शंकू मात्र रेडिएटरच्या मागे, बॉनेटखाली लोंबत राहतो आणि तिथली तापलेली हवा ओढतो. नाव 'कोल्ड एअर इनटेक', प्रत्यक्षात आत जाते ती भट्टीतली हवा. पैसे खर्चून ताकद कमी करून घेण्याचा हा प्रकार फार सर्रास घडतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शहरात मोटार चालवताना ॲक्सिलरेटर क्वचितच पूर्ण दाबला जातो. थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ अर्ध्याहूनही कमी उघडलेली असते आणि हवेला खरा अडथळा तिचाच असतो. पुढे कितीही मोकळा फिल्टर बसवला, तरी दार अर्धे लोटलेले असताना अंगण रुंद केल्यासारखेच ते होते. फरक पडतो तो पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, वरच्या फेऱ्यांत. म्हणजे घाटात किंवा द्रुतगती मार्गावर ओव्हरटेक करताना. टर्बो नसलेल्या लहान इंजिनांत तोही थोडाच.

इंधनाच्या बचतीचा दावाही असाच तपासून घ्यावा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंधन-इंजेक्शन असलेल्या आधुनिक मोटारींचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले गेले. इंधनाच्या वापरात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, कारण संगणक हवेच्या मानाने पेट्रोल कमी-जास्त करतो. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीत फिल्टर बदलल्याने मायलेज सुधारले होते. चोंदलेल्या फिल्टरची ही गोष्ट. मग स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी महाग फिल्टर घालून मायलेज वाढेल, ही आशा कशाच्या बळावर धरायची?

म्हणून खर्च आणि धोका यांचा विचार करता सर्वांत शहाणपणाचा बदल म्हणजे मूळ डबा तसाच ठेवून त्यात त्याच मापाचा, पुन्हा धुऊन वापरता येणारा कापडी फिल्टर बसवणे. कॅलिफोर्नियातील के अँड एन या कंपनीने तेल लावलेल्या सुती फिल्टरचा हा प्रकार लोकप्रिय केला. यासाठी डब्याच्या चार क्लिपा उघडण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ज्यांना त्याहून पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

<b>कायद्याची बाजू</b>

हत्यार उचलण्यापूर्वी कायदा पाहिलेला बरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे.

नोंदणी प्रमाणपत्रात इनटेकचा उल्लेख नसतो, हा युक्तिवाद हौशी मंडळी नेहमी करतात. तो अगदीच पोकळ नसला, तरी त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. नव्या मोटारीला विक्रीपूर्वी जी प्रदूषणविषयक मान्यता मिळते, ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत संपूर्ण वाहनाची चाचणी होऊन मिळते आणि इनटेक हा त्या वाहनाचा भाग असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर तर ही सहनशीलता फारच कमी झाली आहे. कॅलिफोर्नियात बाहेरच्या कंपनीच्या इनटेकला राज्याच्या हवा मंडळाकडून सूट मिळवावी लागते आणि तिचा क्रमांक बॉनेटखाली चिकटवावा लागतो. तो क्रमांक छापलेला संच भारतात मिळाला, तरी इथल्या कायद्यात त्या क्रमांकाला काही अर्थ नाही. शिवाय वॉरंटी आणि विमा आहेतच. बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी न कळवता इंजिनाचा दावा करायला गेलेल्याची पंचाईत होऊ शकते. वॉरंटीत असलेल्या मोटारीला हात लावू नये, हे उत्तम.

<b>सामान आणि हत्यारे</b>

लागणारी हत्यारे मोजकीच आहेत. १० नंबरचा रिंग किंवा बॉक्स पाना, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि विजेरी. नळी कापावी लागणार असेल तर हॅक्सॉ आणि कानस. बाकीचे सामान स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या डब्यात मिळते: स्टीलची वाटी, दोरा, सुती पण धागे न सुटणारा फडका आणि मूठभर कणीक. कणकेचे काम पुढे येईलच.

नळीचे माप हा पहिला अवघड प्रश्न. व्हर्नियर घरी नसतो. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी आणि तिला ३.१४ ने भागावे. बाहेरचा व्यास मिळतो. जोडनळीचा आतला व्यास तेवढाच हवा. दोन-तीन मिलिमीटर मोठी नळी क्लिप आवळून बसवता येईल, हा मोह टाळावा. सैल रबराला आवळल्यावर एका जागी चुणी पडते आणि धुळीला नेमकी तीच वाट सापडते.

'मास एअर फ्लो' सेन्सर असलेल्या मोटारीत त्याच्या जागी नळीचा आतला व्यास मूळ नळीएवढाच असला पाहिजे. साठ मिलिमीटरच्या जागी ६६ मिलिमीटरची नळी आली, तर छेदाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. तेवढीच हवा संथपणे वाहते, सेन्सर ती कमी आहे असे सांगतो आणि संगणक पेट्रोलही कमी सोडतो. मिश्रण विरळ होते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावल्यास बहुधा पी-०१७१ हा संकेतांक दिसतो.

नळी कशाची असावी? नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो आणि त्यापासून इनटेक बनवणारे महाभागही आहेत. साधारण ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडू लागतो आणि एक्झॉस्टच्या शेजारी तेवढे तापमान काही दुर्मिळ नाही. ॲल्युमिनियम किंवा मूळ नळीसारखे उष्णतारोधक प्लास्टिक घ्यावे आणि सांध्यांसाठी सिलिकॉनच्या जोडनळ्या वापराव्यात. ॲल्युमिनियमची नळी कापताना भोवती चिकटपट्टीचा एक सरळ वेढा द्यावा, म्हणजे काप तिरपा जात नाही. कापून झाल्यावर कडेवरचा कीस कानशीने काढून नळी आतून साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवावी. या कामात आळस नको. नळीत उरलेला धातूचा एक कण पहिल्याच स्टार्टला थेट सिलिंडरमध्ये जाणार असतो. मध्ये त्याला अडवायला फिल्टर नसतो, कारण तो मागे राहिला.

<b>जुने काढताना</b>

काम थंड इंजिनावर करावे. मोटार सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशात ठेवावी. काही मोटारींचा रेडिएटरचा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरू लागतो. म्हणून बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. त्यानंतर घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, एवढाच तोटा.

काहीही सैल करण्यापूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती बारीक नळी कुठे जात होती, हे दुपारी आठवत नाही. सेन्सरचा जोड काढताना वायर ओढू नये. जोडाची जीभ दाबून तो सरळ मागे घ्यावा. सात-आठ वर्षे उष्णता खाल्लेले प्लास्टिक पापडासारखे ठिसूळ झालेले असते. ब्रीदरची क्लिप पकडीने चिमटून मागे सरकवावी, मग थ्रॉटलकडची मोठी क्लिप सैल करावी. डब्याचे १० नंबरचे बोल्ट निघाल्यावरही तो हलत नसेल, तर बळ लावण्याआधी विजेरीने खाली पाहावे. अनेक डब्यांचे पाय रबरी बुचांत रुतलेले असतात आणि सरळ वर उचलल्यावरच सुटतात. निघालेला प्रत्येक बोल्ट वाटीत जमा करावा आणि मोजावा.

थ्रॉटल बॉडीचे तोंड उघडे पडताच त्यात फडका खोचायला विसरू नये. या साऱ्या कामात सर्वांत महाग पडू शकणारा क्षण हाच. हातातून सुटलेला नट त्या तोंडातून मॅनिफोल्डमध्ये गेला, तर संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. फडका एवढा मोठा असावा, की त्याचे टोक बाहेर ठसठशीत दिसत राहील. नाही तर तोच आत राहायचा.

जुना डबा उघडल्यावर तळाशी सुकलेली पाने, क्वचित उंदराचे घरटे सापडते. महिनोन्महिने वाहनतळावर उभ्या राहणाऱ्या मोटारींत हे नवल नाही. उंदराने फिल्टर कुरतडला असेल, तर थ्रॉटलच्या बाजूची नळीही आतून पुसून पाहावी. कित्येकदा ताकद कमी झाल्याची तक्रार इथेच संपते. नवा कागदी फिल्टर घातला की मोटार पूर्ववत होते आणि संच न उघडताच परत करता येतो.

<b>नवे बसवताना</b>

सारे भाग प्रथम क्लिपा न आवळता नुसते जुळवून पाहावेत. नळी कशालाही घासता कामा नये. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते आणि ॲक्सिलरेटर दाबताच ते बोटभर डोलते; मोटारीचा सांगाडा मात्र स्थिर असतो. नळी इंजिनाबरोबर हलणार आणि फिल्टर सांगाड्याला बांधलेला असणार, म्हणून मधला एक तरी सांधा लवचीक सिलिकॉनचा हवा. धातूची नळी बॅटरीच्या धन टोकापासून लांब ठेवावी. हादऱ्यांनी ती त्याला टेकली तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. पट्ट्यापासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासूनही किमान दोन बोटांचे अंतर असावे.

आता कणीक. नळीचा आणि फिल्टरचा सर्वांत उंच भाग पाहून त्यावर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला कणकेचा गोळा ठेवावा आणि बॉनेट हळुवार बंद करून उघडावे. गोळा चेपून एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाड उरला असेल, तर जागा अपुरी आहे. मोटार धावताना इंजिन डोलेल आणि नळी बॉनेटवर आपटेल.

उघडा शंकू बसवायचा असेल, तर त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा लागतोच. बॉनेटला टेकणाऱ्या कडेवर दाराला लावतात तशी रबरी पट्टी चिकटवावी. पुढच्या जाळीमागून येणाऱ्या मूळ नळीचे तोंड या आडोशात सोडले, तर फिल्टरला बाहेरची हवा मिळते. आडोसा नसलेला शंकू बसवण्यापेक्षा जुना डबा परत लावलेला चांगला. फिल्टरचे वजन नळीवर लटकत ठेवू नये. मूळ डब्याच्याच बोल्टला पट्टी अडकवून त्याला आधार द्यावा.

क्लिपा आवळण्याची रीत अशी. आधी थ्रॉटलकडची, शेवटी फिल्टरची. क्लिप जोडनळीच्या कडेपासून काही मिलिमीटर आत बसलेली असावी. हाताने पुरती आवळल्यावर स्क्रूड्रायव्हरने थोडी आणखी. सिलिकॉन क्लिपच्या खाचांतून फुगून वर येऊ लागले म्हणजे ती जास्त आवळली गेली. थ्रॉटल बॉडी प्लास्टिकची असेल तर जोर आणखी जपून लावावा. ब्रीदरची नळी नव्या पाइपवरच्या तोटीला जोडावी, ती उघडी सोडू नये. तिच्यावाटे फिल्टर न झालेली हवा आत जाते किंवा तेलाची वाफ बाहेर पडते, आणि दोन्ही वाईट. तापमानाचा सेन्सर नव्या नळीच्या रबरी बुचात घट्ट बसला पाहिजे.

<b>अंधारातली परीक्षा</b>

फिल्टरच्या पुढचा प्रत्येक सांधा धूळबंद आहे की नाही, हे तपासायला घरगुती आणि बिनधोक उपाय आहे. अंधार पडल्यावर थ्रॉटलकडचा सांधा सैल करून पेटवलेली छोटी विजेरी नळीत सरकवावी, तिला दोरी बांधलेली असावी. बाहेरून प्रत्येक जोड पाहावा. प्रकाशाची रेघ दिसली, तिथून धूळ जाणारच. नंतर विजेरी बाहेर काढून तो सांधा पुन्हा आवळावा. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची गॅरेजमधली युक्ती घरी करू नये. तो द्रव ज्वलनशील असतो.

बॅटरी जोडून इंजिन सुरू केल्यावर ते काही मिनिटे मंद गतीवर चालू द्यावे. शीळ ऐकू आली किंवा फेऱ्या खालीवर होत राहिल्या, तर कुठेतरी हवा शिरते आहे. पहिल्या हजार किलोमीटरनंतर नळी थ्रॉटलपाशी उघडून आतून पांढऱ्या टिश्यू पेपरने पुसावी. कागदावर किंचित तेलकटपणा आला तर हरकत नाही. करकरीत राखाडी धूळ आली, तर फिल्टर किंवा एखादा सांधा नापास झाला आहे आणि त्याच दिवशी जुना डबा परत बसवावा.

कापडी फिल्टर धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि तेल प्रत्येक घडीवर बेताचे लावावे. जास्त झालेले तेल हवेबरोबर पुढे जाऊन सेन्सरच्या तप्त तारेवर बसू शकते. कोरडा फिल्टर मात्र जाळीच ठरतो. त्याची धूळ अडवण्याची शक्ती त्या तेलात असते.

<b>पावसाळ्याचा प्रश्न</b>

महाराष्ट्रात या साऱ्या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे ती जून ते सप्टेंबरची. काही संचांत थंड हवेसाठी लांब नळी थेट बंपरच्या मागे, चाकाशेजारी खाली नेलेली असते. कोरड्या प्रदेशात ही युक्ती चांगली. मुंबई, ठाण्याच्या सखल रस्त्यांवर ती घातक.

इंजिन हवा दाबते, पाणी दाबता येत नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर तीनशे घनसेंटिमीटरचा असतो. कॉम्प्रेशन रेशो १० धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३३ घनसेंटिमीटर, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांपेक्षा जरा जास्त. तेवढे पाणी आत गेले की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा मोडतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईतील हजारो मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. तसा दिवस रोज येत नाही हे खरे. पण बंपरमागच्या फिल्टरला तो लागतही नाही. गुडघ्याएवढे पाणी आणि समोरून गेलेल्या बसने उठवलेली लाट पुरते. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात अशा नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

म्हणून नव्या नळीचे तोंड कारखान्याने ठेवलेल्या तोंडाच्या उंचीपेक्षा खाली नेऊ नये. ज्यांनी नेले आहे, त्यांनी मेअखेरीस मूळ डबा परत बसवावा. पाण्यात मोटार बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. पहिल्या वेळी वाचलेला रॉड दुसऱ्या वेळी मोडतो. मोटार ओढून न्यावी आणि स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

मूळ डबा, रेझोनेटर, नळ्या, रबरी बुचे आणि बोल्ट एका खोक्यात भरून, वर मोटारीचे मॉडेल लिहून माळ्यावर ठेवावेत. पीयूसीच्या वेळी, विम्याच्या तपासणीला किंवा मोटार विकताना ते लागतात आणि नवा डबा विकत घेणे संचापेक्षा महाग पडू शकते. त्यातला जुना कागदी फिल्टर मात्र टाकून द्यावा. परत बसवताना तो नवाच घ्यायचा असतो.